आधी पाण्याची रेघ, मग अंदाजपत्रक

आमच्या नृसिंहवाडीतल्या घराच्या माजघरात, दिवळीच्या वर वीतभर अंतरावर, भिंतीवर एक तपकिरी रेघ आहे. सरळ, गवंड्याने दोरी लावून मारावी तशी. ती २०१९ च्या ऑगस्टमधली. तिच्याखाली हातभर अंतरावर दुसरी, जरा पुसट, ती २०२१ च्या जुलैमधली. २००५ ची रेघ मधल्या रंगकामात गेली, पण पाणी जिन्याच्या कितव्या पायरीला लागलं होतं ते शेजारच्या काकूंना पक्कं आठवतं. घर दुरुस्त करायचं ठरलं तेव्हा पुण्याहून चुलतभावाचा फोन आला, "स्क्वेअर फुटाला काय दर चाललाय?" मीही तेव्हा गवंड्याला तेच विचारलं होतं. आता कुणी मला विचारलं की मी सांगतो, आधी ती रेघ शोधा आणि खडूने सगळ्या घरभर फिरवा.

चौरस फुटाचा दर कोऱ्या जागेवर बांधायच्या घरासाठी असतो. मोडकळीला आलेल्या घरात काय पाडायचं, काय टेकू देऊन धरायचं आणि काय तसंच ठेवायचं, हे खोलीगणिक वेगळं असतं. एकाच घरात सोप्याला पन्नास हजार लागतील आणि मागच्या पडवीला तीन लाख. त्यातून नृसिंहवाडीसारख्या गावात दुसरीही गोष्ट आहे. इथे कृष्णा आणि पंचगंगा मिळतात. कृष्णा भरून चालली की पंचगंगेचं पाणी पुढे सरकत नाही, मागे फुगतं. म्हणून आपल्याकडे पूर येतो तो धडक मारून जात नाही, घरात दिवस-दिवस उभा राहतो. उभ्या पाण्यात मातीच्या दर्जा, म्हणजे दगड-विटांमधले सांधे, विरघळतात, भिंत खालून भिजत वर जाते, आणि पुष्कळदा पाणी चढताना उभी राहिलेली भिंत पाणी उतरताना पडते. अशा घराचा खर्च मांडताना रेघेखालचं घर आणि रेघेवरचं घर अशी दोन घरं धरावीत. रेघेखाली पैसा अशाच गोष्टींवर घालावा ज्या धुऊन, वाळवून पुन्हा वापरता येतील. जे भिजलं की वाया जातं ते सगळं रेघेवर. माझं सगळं म्हणणं या दोन वाक्यांत आहे, पुढचा लेख म्हणजे त्याचा हिशेब.

हे शहाणपण माझं नाही. आपल्या दत्तमंदिरातच ते रोज डोळ्यांपुढे आहे. दर पावसाळ्यात पाणी उत्तरेच्या दाराने आत येतं, पादुकांवरून वाहतं आणि दक्षिणेच्या दाराने बाहेर पडतं, त्याला आपण दक्षिणद्वार सोहळा म्हणतो आणि त्यात स्नानाला गर्दी करतो. पाणी आणखी चढलं की उत्सवमूर्ती वरच्या बाजूला, नारायणस्वामींच्या मंदिरात नेतात. पाणी उतरलं की गाळ धुतात आणि पूजा पुन्हा खाली सुरू होते. बुडणारा भाग दगडाचा, आणि जे जपायचं ते हलवता येण्याजोगं. ज्यांनी हे बांधलं त्यांना नदी माहीत होती.

खर्चाआधीचे कागद

पहिला रुपया सुटण्याआधी तीन गोष्टी मिटवा. वाडीतली जुनी घरं बहुतेक वडिलोपार्जित, उताऱ्यावर पाच-सात नावं, त्यातली दोन मुंबईला आणि एक गेलेलं. सगळ्या हिस्सेदारांची लेखी संमती घ्या आणि कोण किती पैसे घालणार, घातलेल्या पैशाचा हिश्श्यावर काय परिणाम होणार, हेही त्याच कागदावर लिहा. भाऊबंदकीत काम अर्ध्यावर थांबलं तर छप्पर उतरलेलं घर एका पावसाळ्यात संपतं. दुसरं, ग्रामपंचायतीचा आठ नंबरचा उतारा, घरपट्टी आणि वीजबिल एका नावावर किंवा निदान जुळत्या नावांवर आणा. कर्ज, विमा आणि पूर आल्यावरचा पंचनामा, तिन्हीकडे हेच कागद मागतात.

तिसरं पूररेषेचं. जलसंपदा विभागाच्या आखणीत निळी रेषा साधारण २५ वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची. नदी आणि निळी रेषा यांमधल्या जागेत नव्या बांधकामाला मनाई असते, निळ्या आणि लाल रेषेमध्ये अटी असतात. आपलं घर कुठे पडतं ते विचारून घ्या, आणि उत्तर लेखी मिळेपर्यंत एक वीटही काढू नका. दुरुस्ती आणि पाडून नव्याने बांधणं या कायद्याच्या नजरेत दोन वेगळ्या गोष्टी आहेत. "भिंती तरी ठेवायच्या कशाला, सगळं पाडूनच टाकू" असं उत्साहाने ठरवलं आणि नंतर बांधायची परवानगीच मिळाली नाही, तर हातात मोकळं जोतं उरतं.

उघडून पाहायचे पैसे

जुन्या घराचं अंदाजपत्रक नुसतं बघून करता येत नाही. आमच्याकडे पहिला गवंडी आला, दहा मिनिटं फिरला आणि वहीच्या पाठकोऱ्या कागदावर एक आकडा लिहून गेला. मला तो आकडा आवडला, कारण तो माझ्याकडे असलेल्या पैशांपेक्षा कमी होता. नंतर एका म्हाताऱ्या सुताराला आणलं. त्याने काही लिहिलं नाही. शिडी लावली आणि हातोडीच्या दांड्याने एकेक सर, म्हणजे आडवी तुळई, वाजवत निघाला. मधोमध ठक् असा भरीव आवाज यायचा. भिंतीजवळ आला की आवाज बदलायचा, मडक्यासारखा. त्याने तिथे पटाशी लावली, नुसत्या मनगटाच्या जोराने, आणि पटाशी बोटभर आत गेली. बाहेरून तेलपाण्याने चकाकणारा सागवानी सर भिंतीतल्या टोकाला भुगा झाला होता. सात सरांपैकी तीन तसे निघाले. गवंड्याच्या आकड्यात त्यांचा पत्ता नव्हता.

म्हणून मी आग्रहाने सांगतो, एकूण खर्चाचा विचार करण्याआधी थोडी रक्कम केवळ तपासणीसाठी काढा. स्ट्रक्चरल इंजिनिअरची फी, सुताराची आणि गवंड्याची दोन-दोन दिवसांची हजेरी. ही रक्कम वाचवण्याचा मोह होतो, तो आवरा. कोल्हापूर, सांगली, इचलकरंजी फार लांब नाहीत, तिथून इंजिनिअर मिळतो. त्याला घर दाखवून भागत नाही, चार-पाच ठिकाणी उघडून द्या. दोन कोपऱ्यांत जोत्यालगत खड्डा घेऊन पाया किती खोल आहे आणि खाली काय आहे ते बघा. प्रत्येक सराचं भिंतीतलं टोक मोकळं करा. पाण्याच्या रेघेखाली एका ठिकाणी गिलावा टाकीने काढून आतल्या दर्जा तपासा. माती बोटाने निघत असेल तर तिथे नुसत्या गिलाव्याचा काही उपयोग नाही, दर्जा खरवडून भराव्या लागतील किंवा तेवढा भाग तुकड्या-तुकड्याने बदलावा लागेल. संडासाची टाकी आणि गटाराची वाट उघडा. भिंतीला पोट आलंय का ते ओळंबा लावून पाहा. तडा दिसला तर त्यावर काचेची छोटी पट्टी आडवी चिकटवून शेजारी तारीख लिहा. दोन-तीन महिन्यांत काच तडकली तर तडा जिवंत आहे, घर अजून हलतंय, आणि पहिला पैसा पायाला लागणार. काच शाबूत राहिली तर नुसता तडा भरून भागतं.

मातीच्या भिंती म्हणजे टाकाऊ, असं नाही. पांढऱ्या मातीची दोन-अडीच फुटी भिंत कोरडी राहिली तर शंभर वर्षं उभी राहते. प्रश्न फक्त पाण्याचा असतो, वरून आणि खालून.

वही कशी मांडावी

वहीचं पान आडवं धरा आणि मधोमध रेघ ओढा. डावीकडे रेघेखालचं काम, उजवीकडे रेघेवरचं. खोलीवार मोजमाप स्वतः घ्या, लांबी-रुंदी-उंची, दारं-खिडक्या वेगळ्या. गिलावा आणि फरशी १०० चौरस फुटांच्या ब्रासमध्ये, वाळू-खडी १०० घनफुटांच्या ब्रासमध्ये, लाकूड घनफुटांत, लोखंड किलोत. हे एकदा लिहिलं की तीन ठेकेदारांचे दर एकाच मापावर येतात. नाहीतर एकाच्या दरात राडारोडा उचलणं धरलेलं असतं, दुसऱ्याच्या दरात पाडकामही नसतं, आणि तुम्ही स्वस्त म्हणून दुसऱ्याला काम देता.

आकड्यांची एक मांडणी नमुन्यादाखल करून दाखवतो. समजा घर ९०० चौरस फुटांचं आहे आणि सगळे हिस्सेदार मिळून १२ लाख रुपये जमले. यातले २,४०,००० रुपये, म्हणजे पाचवा हिस्सा, पहिल्याच दिवशी वेगळ्या खात्यात टाका आणि आपल्याकडे ९,६०,००० च आहेत असं सगळ्यांना सांगा. नव्या बांधकामात दहा टक्के राखीव पुरतात. जुन्या घरात वीस टक्क्यांच्या खाली मी येणार नाही, कारण कितीही तपासलं तरी कौलं उतरल्यावर आणि फरशी उखडल्यावर काहीतरी निघतंच. उरलेल्या ९,६०,००० पैकी छप्पर आणि लाकूडकामाला २,४०,०००. पाया, भिंती, खांब यांना १,९०,०००. पाणी, संडास, न्हाणी आणि गटार १,४०,०००. गिलावा आणि फरशी १,५०,०००. वीज ९०,०००. दारं, खिडक्या आणि स्वयंपाकाचा ओटा ६०,०००. रंग ३०,०००. आणि ६०,००० अशा गोष्टींना ज्या कुणाच्याच अंदाजपत्रकात नसतात: पाडकाम, राडारोडा वाहून नेणं, टेकूचं भाडं, ताडपत्री, इंजिनिअरच्या फेऱ्या, सामान ठेवायला भाड्याची खोली, क्युरिंगच्या पाण्याची मोटर, शेवटची साफसफाई. तुमच्या घराचे आकडे वेगळे येतील. छप्पर ठणठणीत असेल तर तिथले पैसे भिंतींकडे वळतील. पण छप्पर, पाया आणि भिंती या तिघांना मिळून रंग-फरशी-ओट्यापेक्षा कमी पैसे येत असतील, तर पुन्हा मांडा.

क्रम पैशांइतकाच महत्त्वाचा आहे. आधी वरचं पाणी बंद, म्हणजे छप्पर आणि पन्हळ. मग पाया आणि भिंती. मग पाणी-गटाराचे पाइप आणि विजेच्या नळ्या. मग गिलावा, मग फरशी, सगळ्यात शेवटी रंग. आमच्याकडे हा क्रम चुकला. छपराचा सुतार ऊस हंगामातून मोकळा व्हायचा होता, गवंडी रिकामा होता, म्हणून मी त्याला आतला गिलावा करायला लावला. एप्रिलच्या शेवटी वळवाचा पाऊस आला, अर्ध्या उघड्या छपरातून दोन तास धो-धो पाणी आत आलं. गिलाव्याच्या चार भिंती फुगून सुटल्या. ते काम पुन्हा करण्याचे पैसे राखीव खात्यातून गेले, आणि तो गवंडी मला काहीच बोलला नाही, याचं जास्त वाईट वाटलं.

जुन्या मालाचा हिशेबही वहीत असू द्या, जमेच्या बाजूला. मंगलोरी कौलं उतरवताना एकेक बोटाने वाजवून बघा. टणटण वाजतं ते ठेवा, बदबद वाजतं ते काढा. १०० चौरस फुटांना सुमारे दीडशे कौलं लागतात, म्हणजे निम्मी वाचली तरी मोठी रक्कम सुटते. कुजलेल्या सराचं टोक दोन फूट कापून तिथे लोखंडी चॅनल किंवा पट्ट्या बोल्टने जोडता येतात, बाकीचा सर शाबूत राहतो. जुनं लाकूड घ्यायला येणारे व्यापारी अशा घरावर लक्ष ठेवून असतात आणि जुन्या सागवानाला कवडीमोल भाव देऊन जातात. सुताराकडून मोजून घेतल्याशिवाय एक फळीही घराबाहेर जाऊ देऊ नका. शहाबादी फरशी उलटी करून, कडा कापून पुन्हा बसते.

रेघेखाली काय घालावं

सगळ्यांत जास्त पैसे चुकतात ते इथे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मातीच्या किंवा मातीच्या दर्जातल्या विटांच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करू नका. गवंडी म्हणेल, सिमेंट पक्कं. ते पक्कं असतं, म्हणूनच अडचण होते. भिंत खालून आणि तड्यांतून पाणी पितेच, पण सिमेंटच्या कवचामुळे ते बाहेर येत नाही. मग लोणा लागतो, पांढरी भुकटी गळते, आणि दोन वर्षांत गिलाव्याचे पापुद्रे भिंतीची माती घेऊन खाली येतात. अशा भिंतीला चुन्याचा गिलावा आणि वर चुन्याचीच सफेदी. चुना भिंतीला श्वास घेऊ देतो. चुन्याचं काम जाणणारे गवंडी कमी राहिलेत, मजुरी जास्त पडते, चुना आधी काही आठवडे मुरवावा लागतो, हे सगळं खरं. पण पूर गेल्यावर अशी भिंत धुऊन, वाळवून, पुन्हा सफेदी देऊन वापरता येते, आणि दर पुरानंतर गिलावा नव्याने करण्याचा खर्च वाचतो. वाळवायला मात्र घाई नको. भिजलेल्या भिंतीला इंचभर जाडीमागे साधारण एक महिना, असा ढोबळ हिशेब धरतात. सप्टेंबरात पाणी उतरलं आणि दसऱ्याला रंग दिला तर तो पैसा गेला. पुट्टी, प्लास्टर ऑफ पॅरिस, भिंतीला चिकटवायचे कागद, हे रेघेखाली अजिबात नको.

फरशीला शहाबादी किंवा कोटा. खाली नीट धुम्मस करून कोबा, आणि उतार दाराकडे, म्हणजे गाळ झाडूने आणि पाण्याच्या झोताने बाहेर जातो. स्वयंपाकघरात प्लायवुडच्या ट्रॉल्या बघायला छान दिसतात, पण पाण्यात आठ दिवस राहिलं की प्लाय पुस्तकासारखा उलगडतो. कडप्प्याच्या उभ्या-आडव्या फळ्या करा, त्यात स्टीलचे मोकळे डबे. दाराच्या चौकटी जुन्या सागवानाच्या असतील तर ठेवा. झडपांना अशा बिजागऱ्या लावा की खिळा उपसला की झडप उचलून वर नेता येईल.

विजेत काटकसर करू नका. मीटर आणि मुख्य बोर्ड रेघेच्या वर, शक्य तर वरच्या मजल्यावर घ्या, त्यासाठी वीज कंपनीकडे वेगळा अर्ज करा. तारा वरून खाली उतरवा, खालून वर नेऊ नका. खालच्या आणि वरच्या मजल्याची सर्किटं वेगळी ठेवा, म्हणजे खालची बंद करून वर दिवा राहतो. ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी आणि नीट अर्थिंग असलंच पाहिजे. भिजल्या भिंतीत वीज उतरली तर माणूस जातो. दिव्यांना दीड चौरस मिलिमीटरची तार, प्लगला अडीच, गिझरला चार, एवढं वायरमनकडून लिहून घ्या.

संडासाच्या पाइपवर उलटं पाणी अडवणारी झडप बसवा. पूर चढताना सगळ्यांत आधी घाण पाणी तिथूनच घरात येतं, दारातून नंतर. बोअरचं तोंड उंच करून घ्या. आणि माळ्याचा जिना चांगला करा, रुंद, दोन माणसं पेटी घेऊन चढू शकतील असा. मधल्या तुळईला एक मजबूत लोखंडी कडी ठोकून ठेवा, कप्पी लावून फ्रीज आणि धान्याची पिंपं वर ओढता येतात. आमच्या घरात सगळ्यांत कमी पैशांत झालेलं आणि सगळ्यांत उपयोगी पडलेलं काम म्हणजे ही कडी.

रेघ माळ्याच्याही वर असेल, आणि वाडीत २०१९ ला अशी घरं पुष्कळ होती, तर सगळं घरच रेघेखालचं समजा. मग सगळीकडे दगड, चुना, लोखंड, आणि वाचलेले पैसे उंचावरच्या गावात एखादी कोरडी खोली भाड्याने घेऊन ठेवण्याला.

माल, माणसं, महिना

वाळूची ट्रॉली आली की टेप घेऊन पुढे व्हा. १० फूट लांब, ६ फूट रुंद ट्रॉलीत माल २० इंच उंच भरला तर एक ब्रास होतो. सतरा इंचच भरला असेल तर दर ट्रॉलीला तुम्ही पंधरा घनफुटांचे पैसे जास्त देताय. सळई काट्याच्या चिठ्ठीवर सोडू नका, मोजा. व्यासाचा मिलिमीटरमधला वर्ग भागिले १६२, म्हणजे मीटरला किती किलो ते निघतं. १२ मिलिमीटरची १२ मीटर सळई सुमारे १०.७ किलोची. सिमेंटच्या गोणीवर आठवडा आणि वर्ष छापलेलं असतं, तीन महिन्यांपेक्षा जुनी गोणी परत पाठवा, आणि लागेल तशीच आणा. नदीकाठच्या दमट हवेत गोणी दगड होते. सिमेंटवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे, त्याआधीचं अंदाजपत्रक हातात असेल तर ते फिरवून घ्या.

जुन्या घराचा ठेका मालासकट देऊ नये, असं माझं मत आहे. माल आपण आणावा, मजुरी मोजमापावर ठरवावी. पाडकाम आणि दर्जा भरणं मात्र हजेरीवरच द्या, कारण तिथे घाई केली तर भिंत जाते. दरपत्रकावर सही घ्या, उचल कामाच्या पुढे जाऊ देऊ नका, आणि मजुरीतले पाच ते दहा टक्के पहिला पावसाळा होईपर्यंत राखून ठेवायचे हे सुरुवातीलाच बोला. चांगला कारागीर याला हरकत घेत नाही.

महिना निवडताना गावाचं कॅलेंडर बघा. भिंती वरवर वाळायलाच दिवाळी येते. त्यानंतर काम सुरू करून मृगाच्या आत छपराखालचं सगळं संपवायचं, एवढाच वेळ आपल्याला मिळतो. पण नोव्हेंबरपासून ऊस हंगाम, शिरोळ तालुक्यातले ट्रॅक्टर आणि ट्रॉल्या कारखान्याच्या रस्त्याला. म्हणून वाळू, खडी, विटा हंगामाच्या आधी आणून टाका, उंच जागी. दत्तजयंती, गुरुप्रतिपदा आणि दर पौर्णिमेला गावात गाडी शिरत नाही, त्या दिवसांना स्लॅबचं काँक्रीट लावू नका. आणि कन्यागत महापर्वकाळ बारा वर्षांनी येतो, मागचा २०१६ चा, पुढचा २०२८ चा. त्या सुमारास घरोघरी खोल्या काढण्याची घाई होईल आणि गवंडी मिळणार नाहीत. ज्यांना तेव्हा यात्रेकरूंना उतरवायचं आहे त्यांनी काम त्याच्या निदान एक वर्ष आधी उरकावं.

पैसे कमी पडले तर

मदतीवर अंदाजपत्रक उभं करू नका. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२ नंतरच्या निकषांत सपाट भागातल्या पूर्ण पडलेल्या घराला १,२०,००० रुपये आणि अंशतः पडझड झालेल्या पक्क्या घराला ६,५०० रुपये धरलेत. सरकारने कधी जादा दिले तर ते वरचे समजा. विमा मात्र घ्या. १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या सामान्य विमा कंपन्यांकडे भारत गृह रक्षा नावाची एकसारखी पॉलिसी असते, तिच्यात पूर येतो आणि घराच्या रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत, कमाल १० लाख, सामानही धरलेलं असतं. मातीच्या भिंतींचं घर चालतं का, हे पैसे भरण्याआधी लेखी विचारा. हप्त्याची रक्कम वहीत दर वर्षाच्या खर्चात लिहा. कर्ज काढलंत तर, जुन्या करप्रणालीत राहत्या घराच्या दुरुस्तीच्या व्याजावर वर्षाला ३०,००० रुपयांपर्यंतच वजावट मिळते, नव्या बांधकामासारखी दोन लाखांची नाही. नव्या करप्रणालीत राहत्या घराला तीही नाही. कर्जाचं गणित करबचतीवर बसवून दाखवणारे भेटतात, म्हणून सांगितलं.

पैसे खरंच संपत आले तर काम खोलीवार थांबवा, थरावर थांबवू नका. छप्पर पूर्ण, एक सोपा, एक खोली, न्हाणी आणि वीज एवढं राहण्याजोगं करा आणि बाकीच्या खोल्यांना टेकू देऊन कुलूप लावा. पुढच्या दिवाळीनंतर पुढची खोली. सगळ्या घराचा गिलावा अर्धा आणि सगळी फरशी अर्धी, असं घर पुढच्या पुरात दोन्हीकडून जातं.

प्रत्येक बिलाचा, प्रत्येक उघडलेल्या भिंतीचा आणि बुजवण्याआधीच्या प्रत्येक पाइपचा फोटो काढा आणि बाहेरगावच्या हिस्सेदाराच्या फोनवर पाठवून ठेवा. वही भिजली तरी ते राहतात.

आमचं रंगकाम निघालं तेव्हा रंगाऱ्याने माजघरातली तपकिरी रेघ घासायला ब्रश उचलला होता. त्याला थांबवलं. दिवळीशेजारचा हातभर पट्टा तसाच सोडायला लावला आणि त्यावर गेरूने दोन तारखा लिहून घेतल्या. शेजारच्या काकू आल्या, जिन्याची पायरी मोजली, आणि २००५ ची जागा बोटाने दाखवली. तीही लिहिली.